रिंगणात अवेळी टाकलेलं पाऊल

राइल्दाला चिखलाची लाज कधी वाटली नव्हती. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात उतरायचं, कांदळाच्या मुळांना चिकटलेली कालवं सोडवायची, तिसऱ्या वेचायच्या आणि भरतीचं पाणी चढायच्या आत टोपली घेऊन घरी यायचं. आईनं हेच केलं, आजीनंही हेच केलं. बाजारात साफसूफ कपड्यांतल्या बायका तिच्या टोपलीशी येऊन नाक मुरडायच्या, तेव्हा ती हसून म्हणायची, "वास येतो ना? मग तुमच्या कालवणाला चव कशाची येते गं, अत्तराची?"

अशी ही तोंडाची खमकी बाई. तिला सत्तेचाळिसाव्या वर्षी गावात तोंड लपवायची वेळ आली. लोक बोल लावत होते म्हणून नव्हे, उलट सगळे तिचं कौतुक करत होते, म्हणून.

ब्राझीलमधल्या पितांगेइरा गावाची सांबामंडळी जुलैमध्ये पोर्तुगालला एका मोठ्या सांस्कृतिक महोत्सवाला जाऊन आली, तेव्हापासून राइल्दा गावातून ताठ मानेनं चालली नव्हती. रोजाल्वोच्या दुकानातल्या टीव्हीवर तिचा तिथला नाच दिवसभर फिरत असे. ती साबण घ्यायला गेली की रोजाल्वो ओरडायचा, "या या, महाराणी! पोर्तुगाल जिंकून आल्या! तिकडून इकडे येऊन त्यांनी आपल्याला लुटलं, आता हिनं वचपा काढला!" दुकानातली माणसं टाळ्या वाजवायची. राइल्दा साबण घ्यायची आणि मागच्या गल्लीनं घरी जायची. पुढच्या गल्लीत गावचे म्हातारे गाणारे सेउ किरिनो राहायचे; 'सेउ' म्हणजे आपल्याकडचं 'बुवा'. ते दारात बसून जाळं विणत असायचे, आणि त्यांच्या समोरून जायला तिचे पाय धजत नव्हते.

काय घडलं होतं ते कळायला आधी तिथल्या सांब्याची रीत कळली पाहिजे.

त्या गावात सांबा म्हणजे नुसता नाच नाही. बायका-पुरुष गोल करून उभे राहतात. पुरुषांच्या हातात गिटारीसारखी व्हियोला आणि खंजिऱ्या, बायकांच्या हातात लाकडाच्या दोन-दोन फळ्या. मग जुना गाणारा शूला म्हणतो. शूला म्हणजे दोन-चार ओळींचं गाणं. कधी त्यात थट्टा असते, कधी कुणाची आठवण, कधी देवाचं नाव. ती चालू असताना रिंगणात कुणी पाऊल टाकायचं नाही. नुसतं ऐकायचं. शूला संपली, दुसऱ्यांचं उत्तर गाऊन झालं आणि व्हियोला एकटी बोलायला लागली की मग एकीनं आत यायचं. एका वेळी एकीनंच. वाद्यांसमोर जाऊन नाचायचं, आणि मन भरलं की गोलातल्या दुसऱ्या एकीच्या पोटाला पोट लावून तिला आत बोलवायचं. बोलावल्याशिवाय दुसरी आत येत नाही.

राइल्दा लहान असताना एकदा मध्येच धावत आत शिरली होती. तिच्या धर्ममायनं, दोना आउरेलिनानं, तिचा कान धरून तिला बाहेर काढलं. "मोठं माणूस बोलत असताना मधून पळतात का गं? ते बोलतायत ना? काय बोलतायत ते आधी ऐक, पाय काय पळून चाललेत?" राइल्दा रडली. पण तो धडा असा मुरला, की शूला सुरू झाली की तिच्या पायांची बोटं आपोआप जमिनीला घट्ट धरायची.

सेउ किरिनो आणि त्यांचा धाकटा भाऊ क्रिस्पीं ही गावची गाणारी जोडी. शूला कधी एकट्यानं म्हणत नाहीत. एक आवाज खालचा, एक वरचा, दोन्ही एकमेकांत असे मिसळायचे की नवख्या माणसाला तिसरा कुणी गातोय असं वाटावं. किरिनो मोजकं बोलणारे. क्रिस्पीं बडबड्या, गोडखाऊ, कुणाच्याही घरात न सांगता शिरून भांड्याचं झाकण उचलून बघणारा. पोर्तुगालचं बोलावणं आलं तेव्हा सगळ्यात जास्त तोच नाचला. पासपोर्टच्या फोटोसाठी पाद्रीबाबांचा कोट मागून आणला आणि तो घालून आठवडाभर फिरला. "मी समुद्र ओलांडणार," म्हणायचा, "आणि त्यांना विचारणार, आमच्या पणजोबांना आफ्रिकेतून इकडे आणून टाकलंत, ते परत न्यायचं भाडं कोण देणार?"

ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत तो गेला. दुपारी होडीत जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही. देवानं असं मरण दिलं म्हणून गावानं हात जोडले. पण किरिनोंच्या घरातला वरचा आवाज गेला तो गेलाच.

सगळ्यांना वाटलं, आता किरिनो काही जात नाहीत. पण ते म्हणाले, "जाणार. त्याला ओलांडायचा होता समुद्र." जोडीला पुतण्या घ्या, असं दोना आउरेलिनानं सुचवलं, तर त्यांनी मान हलवली. त्यांनी भावासाठी एक नवी शूला बांधली होती आणि ती एकट्यानंच म्हणायची होती. वरच्या आवाजाची जागा रिकामी ठेवून. गावात त्यांनी ती कुणाला ऐकवली नाही. "तिकडे म्हणेन," एवढंच.

महोत्सव नदीकाठी होता. मोठा मंच, दिवे, खाण्यापिण्याची दुकानं, आणि कितीतरी देशांची माणसं. ब्राझीलसाठी ठेवलेल्या त्या संध्याकाळी दोनच कार्यक्रम होते. आधी पितांगेइराची मंडळी, आणि मग झुलेइका प्रादो. झुलेइका म्हणजे साल्वादोरची गायिका, कार्निव्हलला तिच्या गाडीमागे अख्खं शहर पळतं. राइल्दाची मुलगी तैनारा तिचे फोटो भिंतीवर लावते. सगळी गर्दी तिच्यासाठीच आली होती, हे सांगायला कुणी नको होतं.

मंचामागे बायका घागरे नीट करत होत्या. खळ घातलेले फुलाफुलांचे घागरे, इकडून तिकडे वळलं की वाळूवर पाणी सरकल्यासारखा आवाज व्हायचा. महोत्सवाची एक बाई आली, गळ्यात पट्टी, हातात कागद. गोड बोलायची. म्हणाली, "तुमचे घागरे पोस्टरवर आहेत हं! लोक नाचाची वाट बघतायत."

ती गेल्यावर दोना आउरेलिना म्हणाली, "बोलतात आपलीच भाषा, पण ओठ उघडले तर माशी शिरेल अशी भीती का वाटते यांना?"

सगळ्या बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. राइल्दा सगळ्यात मोठ्यानं हसली. ते तिचं त्या दिवसाचं शेवटचं हसू.

वर गेल्यावर पहिले दोन सांबे बरे झाले. लोकांनी टाळ्या दिल्या. मग किरिनो पुढे झाले, व्हियोला छातीशी धरली आणि ती शूला सुरू केली. एकटा, खालचा आवाज. एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात क्रिस्पींची जागा होती. गोलातल्या बायकांना ते लगेच कळलं. दोना आउरेलिनाच्या हातातल्या फळ्या इतक्या हळू वाजायला लागल्या की नुसता श्वास वाटावा.

पण खाली उभ्या असलेल्यांना काय कळणार? त्यांना एक म्हातारा दिसत होता, एक ओळ म्हणून गप्प राहणारा. पुढची माणसं चुळबुळ करायला लागली. दोघी जणी जांभया देत दुकानांकडे वळल्या. त्यांच्यामागून आणखी काही. राइल्दा कडेला उभी होती, तिला सगळं दिसत होतं. मग अगदी पुढच्या रांगेतला एक तरुण सोबत्याला म्हणाला, "आजोबा मध्येच झोपतायत की काय?" आणि ती सगळी टोळी हसली.

दुसऱ्या कुठल्या देशात असती तर तिला तो शब्द कळलाही नसता. इथे कळला.

राइल्दाच्या कानशिलांत रक्त चढलं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला एकच विचारत राहिली, तो राग होता का? राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता तो. तिला लाज वाटली होती. सेउ किरिनोंची. त्यांच्या जुन्या बुटांची, तुटक आवाजाची, ते एवढ्या मोठ्या मंचावर एवढं छोटं काहीतरी म्हणत होते त्याची. ज्या माणसाच्या गाण्यावर ती चालायला शिकली, त्याची लाज. 'आत्ता काहीतरी केलं पाहिजे,' एवढंच तिला सुचलं, आणि तिनं रिंगणात पाऊल टाकलं.

क्षणभर वाटलं, मागून कुणीतरी कान धरेल. कुणी धरला नाही.

ती नाचली, आणि फार सुंदर नाचली. घागरा फुलला, पाय जमिनीवरून उचलल्यासारखे न वाटता सरकत राहिले. शिट्ट्या वाजल्या. गेलेली माणसं पळत परत आली, हातातले फोन वर गेले. तिनं वळताना किरिनोंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते, पण आवाज ऐकू येत नव्हता. पुढच्या वळणाला पाहिलं तेव्हा ओठ मिटले होते. व्हियोला मात्र थांबली नव्हती. नाचणाऱ्या बाईला वाजवणाऱ्यानं मध्येच सोडायचं नसतं, तीही रीतच. त्यांनी आपली पाळली.

खाली उतरल्यावर झुलेइका आली. चकचकीत पोशाख, डोळ्यांवर सोनेरी रंग. आधी ती किरिनोंसमोर वाकली. "आजोबा, आशीर्वाद द्या." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग ती म्हणाली, "मी आतून ऐकत होते. माझी आजी तुमच्याच बाजूची. ते गाणं, तुमच्या भावाचं होतं का? पुढे काय आहे त्याच्यात? टाळ्यांमध्ये मला ऐकूच आलं नाही."

राइल्दा तिथेच उभी होती, हातात पाण्याचा पेला. सगळी मंडळी तिथेच होती.

किरिनो व्हियोलाच्या तारा पुसत म्हणाले, "पुढचं विसरलो मी, पोरी. वय झालं."

"असं होतं हो," झुलेइका हळूच म्हणाली, आणि त्यांच्या हाताचं चुंबन घेऊन मंचाकडे गेली.

राइल्दानं तो भरलेला पेला तसाच खाली ठेवला.

तिथून 'विसरलो' हा शब्द त्यांच्या आधीच गावात पोचला. कुणी वाईट मनानं सांगितला असं नाही. पण गाव ते गावच. "सेउ किरिनो ऐन मंचावर गाणं विसरले. बरं झालं राइल्दानं सावरलं," असं बोलणं झालं. मग त्यात भर पडली. ते जाळ्याची गाठ चुकले, तर 'बघा, विसरतात'. कुणाला नावानं हाक मारायला क्षणभर थांबले, तर 'बघा, भाऊ गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही'. आणि किरिनोंनी गाणं बंद केलं. कुणी बारशाला, कुणी नव्या होडीच्या पूजेला बोलवायला गेलं, की म्हणायचे, "घसा बसलाय."

सप्टेंबर लागला. जुळ्या संतांचा, कोस्मे आणि दामियाँवचा दिवस जवळ आला. दोना आउरेलिनानं मूल जगावं म्हणून तरुणपणी नवस केला होता; तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी तिच्या अंगणात सगळ्या गावाला भेंडीचं कारुरू, आधी लेकरांना आणि मग मोठ्यांना. आणि जेवणं झाली की सांबा. सांबा झाल्याशिवाय नवस फिटत नाही, अशी तिची श्रद्धा. किरिनो गायले नाहीत तर? पुतण्याला अजून दोन शूला धड येत नव्हत्या. हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, पण तो कुणामुळे पडलाय हे फक्त त्या मंचावरच्या मंडळींना ठाऊक होतं. ती गप्प होती. त्यांचं गप्प राहणं राइल्दाला कुठल्याही शिवीपेक्षा जड जात होतं.

आदल्या दिवशी बायका भेंडी चिरायला जमल्या. टोपल्याच्या टोपल्या भेंडी, बारीक चिरायची. त्यात सुकट, काजू, शेंगदाणे कुटून घालायचे, वर लाल पामतेल. राइल्दानं आल्याबरोबर नेहमीसारखं विचारलं, "धर्ममाय, आशीर्वाद?"

"देव तुझं भलं करो," दोना आउरेलिना म्हणाली. आवाजात ना गोडवा, ना राग. "ती टोपली घे."

बाकीच्या बायकांची तोंडं सुऱ्यांपेक्षा जोरात चालत होती. कुणाच्या नवऱ्याची दारू, कुणाच्या सुनेचं मोबाईलवेड. राइल्दा एकटी भेंडीत डोकं घालून बसली होती. बायका पाणी आणायला उठल्या तशी ती सरकून म्हातारीजवळ गेली.

"धर्ममाय, मला माफ कर."

"मला कशाला? माझं काय नेलंस तू?"

"मग मी त्यांच्याकडे जाते. पाय धरते."

आउरेलिनानं सुरी खाली ठेवली. "जाऊन काय सांगशील?"

"जे झालं ते."

"काय झालं? लोक जांभया देत होते, उठून चालले होते, ते सांगशील? एक पोरगा खिदळला, ते सांगशील? तुला त्यांची लाज वाटली, ते सांगशील?"

राइल्दाच्या हातातून भेंडी गळून पडली. तिनं हे कुणाजवळ उच्चारलं नव्हतं.

"माझेही कान होते तिथे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या मनावरचं ओझं उतरेल, आणि त्या माणसाला ते जन्मभर पुरेल. त्यांना वाटू दे, लोक ऐकत होते. तेवढं तरी राहू दे त्यांच्याकडे."

"मग मी काय करू?"

"भेंडी चीर. बारीक. मागच्या वर्षी तुझ्या फोडी पोरांच्या घशात अडकल्या होत्या."

त्या रात्री राइल्दा जुळ्या संतांच्या चित्रापुढे बराच वेळ बसली. मागायचं काय हेच कळेना. माफी मागावी तर जिथे मागायला हवी तिथे मागता येत नव्हती. शेवटी ती एवढंच म्हणाली, "उद्या त्यांना गाऊ दे." आणि झोपली.

सणाच्या दिवशी अंगणात चटई अंथरून सात लेकरांना एका मोठ्या परातीभोवती बसवलं. ती हातानं खायला लागली आणि मोठे लोक भोवती टाळ्या वाजवत गायला लागले. लेकरांची तोंडं लाल तेलानं माखली. मग बाकीचं गाव जेवलं. आणि सगळ्यांचं लक्ष फाटकाकडे लागलं.

किरिनो आले. धुतलेला पांढरा सदरा, काखेत व्हियोला. दोना आउरेलिनाला नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं, आणि संतांना तर नाहीच. ते बाकावर बसले. पुतण्या शेजारी बसला. राइल्दानं फळ्या घेतल्या आणि गोलात अगदी मागे, आंब्याच्या बुंध्याशी उभी राहिली.

"आज काय आठवतं ते म्हणा हो!" रोजाल्वो लाडानं ओरडला. "नाही आठवलं तर राइल्दा आहेच!"

लोक हसले. किरिनोही जरासे हसले. मग त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. जुनी शूला होती, सगळ्यांच्या ओळखीची. आवाज आधी घोगरा आला, मग मोकळा होत गेला. राइल्दाच्या छातीवरचा दगड हलला. ऐकलं संतांनी, असं तिला वाटलं.

तेवढ्यात घागऱ्यांची सळसळ झाली. शूलेची दुसरी ओळ अजून किरिनोंच्या तोंडात होती, आणि तैनारा आणि तिच्या दोन मैत्रिणी रिंगणात शिरल्या. एकदम तिघी. तैनारानं हात वर नेला, मान डावीकडे टाकली आणि गिरकी घेतली. राइल्दानं पोर्तुगालमध्ये घेतली होती, हुबेहूब तीच. दुकानातल्या टीव्हीवर बघून बघून तैनारानं ती घोटली होती. पोरांनी शिट्ट्या मारल्या, फोन वर झाले.

किरिनोंचे ओठ मिटले. बोटं तारांवर चालत राहिली.

राइल्दाच्या हातातल्या फळ्या खाली पडल्या. ती गर्दी सारत आत घुसली आणि तिनं मुलीचा दंड धरला.

"बाहेर हो."

"आई! काय करतेस? सगळे बघतायत!"

"बघू देत. ते गातायत, दिसत नाही तुला?"

"अगं, पण तूच तर असंच केलंस! सगळ्यांनी पाहिलंय!"

व्हियोला थांबली. राइल्दाला वाटलं, अंगावरचे कपडे कुणी उतरवून घ्यावेत तशी आपण उभी आहोत. पण आता परत फिरायला जागा नव्हती.

"केलं," ती म्हणाली. "चुकीचं केलं."

"चुकीचं कसं?" रोजाल्वो म्हणाला. "म्हातारबुवा विसरले, तू वेळ मारून नेलीस. त्यात..."

"ते विसरले नव्हते." तिचा आवाज चिरकला. "ऐका सगळ्यांनी. सेउ किरिनो काहीही विसरले नव्हते. ते गात होते आणि मी मध्ये शिरले. त्यांच्या तोंडातून गाणं मी काढून घेतलं. माझी अब्रू जाऊ नये म्हणून ते 'विसरलो' म्हणाले. आणि मी ते चालवून घेतलं, इतके दिवस."

राइल्दाची एक म्हातारी चुलती मागून म्हणाली, "पण का गं बाई? तुला तर रीत माहीत. एवढी काय घाई होती?"

राइल्दानं तोंड उघडलं. खरं कारण जिभेवर होतं. बाकावर किरिनो तिच्याकडे बघत होते. दोना आउरेलिना दारात उभी होती, हातात झारा.

"मिरवायचं होतं मला," राइल्दा म्हणाली. "परदेशात नाव व्हावं, लोकांनी माझ्याकडे बघावं. दुसरं काय."

"शोभतं का या वयात!" चुलती म्हणाली. कुणी तोंड वाकडं केलं, कुणी दुसरीकडे बघितलं. रोजाल्वोनं टोपी काढून डोकं खाजवलं. तैनारा आईचा हात झटकून घरात पळाली. तिच्या मैत्रिणी तिच्यामागे. राइल्दा मागे जाऊन झाडाशी उभी राहिली. पडलेल्या फळ्या तिनं उचलून घेतल्या.

किरिनोंनी घसा साफ केला आणि तीच शूला पहिल्यापासून सुरू केली. आता अंगणात एक लेकरूसुद्धा हललं नाही. शूला पूर्ण झाली. पुतण्यानं अडखळत का होईना उत्तर दिलं, व्हियोला एकटी बोलायला लागली, आणि गुडघे दुखत असतानाही पहिली आत आली ती दोना आउरेलिना. चार पावलं नाचली आणि शेजारणीच्या पोटाला पोट लावून तिला आत ओढलं. शेजारणीनं आणखी एकीला. एकीकडून दुसरीकडे नाच फिरत राहिला, सांबा रंगला, नवस फिटला. राइल्दाला मात्र त्या दिवशी कुणी आत बोलावलं नाही. तिनं फळ्या वाजवल्या, शेवटपर्यंत.

उन्हं उतरली, लोक पांगले. राइल्दा विहिरीपाशी बसून परात घासत होती. लाल तेल निघता निघत नाही, त्याला राख लागते. मागून पावलं वाजली. किरिनो होते, घरी निघालेले. ती उठायला लागली, तर त्यांनी हातानं बस म्हणून खुणावलं.

"आशीर्वाद द्या," ती मान खाली घालून म्हणाली.

"देव भलं करो." ते विहिरीच्या कठड्याला टेकले. "तुला मिरवता कधीच आलं नाही, राइल्दा. तुझी आईसुद्धा म्हणायची, या पोरीला खोटं बोलायला लावू नका, कान लाल होतात हिचे."

राइल्दानं वर पाहिलं नाही. तिचे कान तापले होते.

"गाणारा माणूस समोर बघूनच गातो," ते म्हणाले. "कोण ऐकतंय, कोण उठतंय, सगळं दिसतं. त्या पुढच्या पोराचं बोलणंही ऐकलं मी. पण मी त्यांच्यासाठी म्हणत नव्हतो गं. ते सगळे गेले असते ना, तरी चाललं असतं."

तिच्या हातातली राख पाण्यात विरघळून गेली होती.

"ती शूला..." तिनं कसंबसं विचारलं. "ती पुन्हा म्हणाल?"

"नाही," किरिनो म्हणाले. त्यात राग नव्हता, रुसवा नव्हता. "ती तिकडे म्हणायची होती."

त्यांनी व्हियोला या काखेतून त्या काखेत घेतली आणि फाटकातून बाहेर पडले. ते गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत राइल्दाला मान वर करता आली नाही. मग तिनं पुन्हा मूठभर राख घेतली आणि परात घासायला लागली.